बल्ब एकदम लख्ख होतो, ते आधी बघू

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देतो.

"दादा, नमस्कार. घरात सासूबाई, मी आणि दोन मुलं. हे सुरतला कामाला असतात. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बोलणं होतं, तेवढाच आधार. पण तेही धड होत नाही. माझा फोन वायर वाकडी धरली तरच चार्ज होतो, आणि दुपारी तर 'फोन गरम झाला आहे' असं येतं नि चार्जिंग थांबतं. वाय-फाय घेतलं, पण लाईट गेली की तेही जातं. आमचं जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर, मागच्या खोलीत सिग्नलच येत नाही. टीव्हीचा रिमोट चारदा दाबावा तेव्हा एकदा लागतो.

जिवाला लागलेली गोष्ट म्हणजे सासूबाईंचा जुना फोन. ओट्यावरून पडला. दिसतं सगळं, पण बोट फिरवलं तर काही होत नाही. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे फोटो आणि बोलून पाठवलेले मेसेज त्यातच आहेत. दुकानदार म्हणाला, डिस्प्लेला लागतील तेवढ्यात नवा फोन येईल. सासूबाई म्हणतात, 'त्यामा त्यासना आवाज शे (त्यात त्यांचा आवाज आहे), फेकू नको.'

मुलगा नववीत आहे. मोबाईलवर बघून बघून म्हणतो, मला स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणि ते मीटर घेऊन दे, मी सगळं दुरुस्त करतो. मला भीती वाटते. घरी काय करता येईल, काय विकत घ्यावं आणि कशाला हात लावू नये, ते सांगा.

जाता जाता एक. आमच्याकडे कधी कधी संध्याकाळी बल्ब एकदम लख्ख होतो, पंखा जोरात फिरतो, मग परत नीट होतं. त्यानं काही बिघडतं का?"

ताई, जाता जाता लिहिलेली ती शेवटची ओळ मी सगळ्यात आधी घेतो. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

आपल्या घरात वीज येते ती दोन तारांनी: वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल. त्या दोन्हींत २३० व्होल्ट असायला हवेत. डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, मात्र तीन फेज निघतात, गल्लीतली घरं त्या तिन्हींवर वाटलेली असतात आणि न्यूट्रल सगळ्यांना मिळून एकच असते. ही न्यूट्रल डीपीपाशी किंवा खांबावर ढिली झाली, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकाला एक जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी सारखी होत नाही. ज्या फेजवर त्या वेळी कमी वस्तू चालू, तिच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. म्हणून तुमचा बल्ब लख्ख होतो, आणि त्याच घटकेला चार घरं सोडून कुणाचा तरी मंद झालेला असतो. संध्याकाळी भार वाढतो, तेव्हा ढिला सांधा जास्त दगा देतो. आजच दोन-तीन घरी विचारा. "तुमचं लख्ख तेव्हा आमचं मंद" असं उत्तर आलं, तर दोष तुमच्या घरातला नाही, बाहेरच्या न्यूट्रलचा आहे असं समजा.

पुन्हा असं झालं की काही न बघता मेन स्विच बंद करा. फोन चार्जरला असेल, टीव्ही चालू असेल, मालिका रंगात आली असेल, तरी बंद करा. मग लाईनमनला फोन, नाहीतर १९१२ वर तक्रार. तक्रारीत "लाईटचा प्रॉब्लेम आहे" असं मोघम सांगू नका. "व्होल्टेज अचानक वाढतं, शेजारी त्याच वेळी कमी होतं, न्यूट्रलचा सांधा ढिला वाटतो" असं सांगा. असं सांगितलं की लाईनमन नेमक्या ठिकाणी हात घालतो. आणि गावातला कुणी पोरगा पक्कड घेऊन खांबावर चढायला निघाला, तर त्याला अडवा. आपल्याकडे असे जीव गेलेले आहेत.

इथंच पहिली खरेदी सांगतो. बोर्डात खोचायचा एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, काही शे रुपयांत. त्यावर घरात किती व्होल्ट येतायत ते आकड्यात दिसतं. नियमाप्रमाणे २३० च्या ६ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आठवडाभर सकाळ, दुपार आणि संध्याकाळचा आकडा वहीत मांडा. मुलाला हे काम द्या. त्याला मीटर हवंच आहे, आणि या मीटरमध्ये उघडं असं काही नाही. ती वही लाईनमनपुढे ठेवली तर बोलणं लवकर संपतं.

दुसरी वस्तू वायरमनकडून बसवून घ्यायची, स्वतः नाही: मेन स्विचच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो घराची वीज तोडतो आणि ठीक झाल्यावर थोड्या वेळानं पुन्हा जोडतो. बाजारात मिळणारा स्पाईक गार्ड हे काम करत नाही. त्याच्यातला भाग क्षणभराचा झटका पोटात घेण्यासाठी असतो, वीज कडाडली तर उपयोगी. मिनिटभर ३०० व्होल्ट आले तर तो स्वतःच जळू शकतो. वायरमन आलाच आहे तर अर्थिंगही तपासून घ्या. चैत्र-वैशाखात आपली जमीन किती कोरडी पडते ते तुम्हाला मी काय सांगू. अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा गेला की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतायचं. टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या पत्र्याला हात लागल्यावर बारीक मुंग्या येत असतील, तर बहुतेक वेळा त्याचं मूळ नसलेल्या अर्थिंगमध्ये असतं.

आता तुमचा फोन.

वायर वाकडी धरल्यावर चार्ज होतो, याचा अर्थ लोक लगेच "पोर्ट (चार्जरची पिन जाते ती खाच) गेलं" असा घेतात. मी इतकी वर्षं हे बघतो आहे, आपल्या भागात त्यातल्या बऱ्याच फोनांचं पोर्ट शाबूत असतं. आत कापूस असतो. वेचणीच्या दिवसांत फोन ओच्यात, खिशात, पिशवीत फिरतो. रुईचे तंतू आत शिरतात आणि आपण रोज चार्जरची पिन घालून तेच दाबत राहतो. वर्षभरात तळाशी चिंध्यांचा घट्ट गठ्ठा बसतो. पिन शेवटपर्यंत जातच नाही, म्हणून वाकडी धरावी लागते.

फोन बंद करा. पूर्ण बंद, नुसती स्क्रीन नाही. दुसऱ्या फोनच्या टॉर्चनं आत बघा. दात कोरायची लाकडी काडी घ्या आणि तिचं टोक ब्लेडनं थोडं चपटं करा. टाईप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते, चोवीस बारीक संपर्क तिच्याभोवतीच असतात. त्या जिभेला धक्का न लावता कडेकडेनं, तळाशी काडी फिरवून कचरा बाहेर ओढायचा. घाई करायची नाही. सेफ्टी पिन नको, सुई नको, केसांचा आकडा नको, कारण धातूनं दोन संपर्क जोडले गेले तर चांगलं पोर्ट खराब होतं. तोंडानं फुंकरही नको, फुंकरीबरोबर थुंकीची वाफ जाते. निघालेला गठ्ठा बघून तुम्हाला नवल वाटेल. मग पिन घाला. "टक" करून बसली आणि बाहेर काही उरलं नाही, तर काम झालं.

नाही झालं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच चार्जर, दुसरी वायर. मग तीच वायर, दुसरा चार्जर. मग दोन्ही तेच, दुसरा बोर्ड. मग दुसऱ्याचा फोन तुमच्या चार्जरला. या चार फेऱ्यांत दोष कुठे आहे ते आपोआप उघडं पडतं. एकदम सगळं बदललं आणि चालू झालं, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि चांगली वायर कचऱ्यात जाते. दुकानात जायच्या आधी हे केलंत तर "माझं पोर्ट बघा" किंवा "मला वायर द्या" असं ठामपणे सांगता येईल. तुमच्या साऱ्या पत्राला माझ्याकडे एवढी एकच किल्ली आहे, पुढे राउटरला नि रिमोटलाही तीच लावू.

गरम होण्याचं. बहुतेक कंपन्या सांगतात की फोन ० ते ३५ अंशांत वापरावा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४३-४४ अंश ही रोजची गोष्ट. तेव्हा चार्जिंग थांबतं, तो बिघाड नाही. फोन आपली बॅटरी वाचवतो आहे, त्याला थांबू द्या. चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करा. कव्हर काढून, पंख्याखाली, शहाबादी फरशीवर ठेवा. गादीवर किंवा उशीखाली चार्जिंगला ठेवू नका, आग तिथंच लागते. फोन गार करायला माठाच्या ओल्या फडक्यावर किंवा फ्रिजमध्ये ठेवणारेही मी पाहिले आहेत. एकदम गार झाला की आत दंव धरतं आणि पाणी सांडल्यासारखंच नुकसान होतं. पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, भिजलेला फोन तांदळात पुरण्यात काही अर्थ नाही. अ‍ॅपलनं २०२४ मध्ये तसं करू नका असं स्पष्ट सांगितलं, कारण तांदळाचे कण आत जातात. ज्वारीच्या कोठीलाही तेच लागू. फोन बंद करून, पोर्ट खाली करून, वाऱ्यावर ठेवायचा आणि पुरता वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही.

आणखी एक कारण तुमच्या घरातच आहे. मातीच्या जाड भिंतींत मोबाईलचा सिग्नल अशक्त होतो, मग टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो आणि तापतो. फोनच्या सेटिंगमध्ये "वाय-फाय कॉलिंग" शोधा आणि चालू करा. मग साधा कॉलही घरच्या वाय-फायवरून जातो. फुकट आहे, आणि धाब्याच्या घरांना याच्याइतकी उपयोगी दुसरी सोय मला माहीत नाही.

आता राउटर. लाईट गेली की तो बंद पडतो, त्यावर मिनी यूपीएस नावाची छोटी डबी येते. आत बॅटरी असते. राउटरचा अडॅप्टर डबीत, डबीची वायर राउटरमध्ये. लाईट गेल्याचं राउटरला कळतही नाही. पण घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. तिथं "आउटपुट" पुढे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर लिहिलेले असतात. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, १२ तर १२, ९ तर ९. अ‍ॅम्पिअर मात्र डबीचे तितकेच किंवा जास्त असले तरी चालतात. पिनचं माप आणि लेबलवरचं प्लस-मायनसचं गोल चिन्हही जुळवा. मी शिकत होतो तेव्हा ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा अडॅप्टर लावून तो जाळला आहे. माणूस मोठा भला होता, काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून लेबल वाचल्याशिवाय मी पिन लावत नाही.

डबी किती वेळ चालेल? खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलं असेल, तर तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ३७ वॉट-तास. व्होल्टेज १२ पर्यंत चढवताना काही भाग वाया जातो, हाती तीसेक उरतात. राउटर ७-८ वॉट खात असेल तर चार तास. पॉवर बँकेलाही हाच हिशोब. २०,००० ची बँक ५,००० चा फोन चारदा भरते असं दुकानदार सांगेल, प्रत्यक्षात अडीच-तीनदा भरली तरी खूप.

पण डबी घ्यायच्या आधी एक खात्री करा. गावातला केबलवाला किंवा फायबरवाला, त्याच्याकडची वीज गेल्यावर त्याचं यंत्र चालू राहतं का? ते बंद पडत असेल तर तुमची डबी काही करू शकणार नाही. लाईट असताना नेट गेलं आणि राउटरवर लाल दिवा लुकलुकू लागला, त्याखाली "एलओएस" लिहिलेलं असेल, तर फायबरमधून प्रकाश येत नाही असा त्याचा अर्थ. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठे मुडपली आहे का बघा. काचेचा तंतू आहे तो, खिळ्याला गुंडाळला किंवा कपाटामागे दाबला की प्रकाश बाहेर सांडतो. वळण बांगडीएवढं मोठं ठेवा. उंदरानं कुरतडली असेल तर जोडणं आपलं काम नाही. आणि त्या वायरचं टोक डोळ्यांसमोर धरून बघायचं नाही, हे मुलाला आवर्जून सांगा.

मागच्या खोलीला सिग्नल नाही, कारण तुमची भिंत. दीड हात मातीची भिंत उन्हाळ्यात जिवाला गारवा देते, पण वाय-फाय गिळते. आधी फुकटचे उपाय. राउटर जमिनीवर किंवा लोखंडी कपाटावर असेल तर काढा आणि दाराच्या रेषेत, डोक्याच्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाट आणि पत्रा यांच्यामागे सिग्नलची सावली पडते. राउटर दोन नावं दाखवत असेल, एकाला पुढे "५जी" जोडलेलं, तर मागच्या खोलीत दुसरं नाव निवडा. तो २.४ गिगाहर्ट्झचा, वेग कमी पण भिंतीतून जास्त जातो.

एवढ्यानं भागलं नाही, तर रिपीटर घ्यायला धावू नका. तो हवेतूनच घेतो, हवेतूनच देतो, आणि निम्मा वेग मध्येच जातो. जुनं कनेक्शन बदललेल्या कुणाच्या तरी घरी एक राउटर धूळ खात पडलेला असतो, तो मागून आणा. पुढच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत खिडकीतून एक लॅन केबल ओढा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेवढं घर खेड्यात कुणाचंही नाही. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये "डीएचसीपी" (फोनांना नेटचे पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, त्याचा पत्ता नव्या राउटरपेक्षा वेगळा द्यायचा (नवा १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२) आणि केबल त्याच्या "लॅन" लिहिलेल्या भोकात लावायची, "वॅन"मध्ये नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखाच ठेवा, म्हणजे फोन चालता-चालता आपोआप बदलेल. हे काम नववीतल्या मुलानं करावं असं मला मनापासून वाटतं. चुकला तर राउटर मागचं बारीक बटण दाबून पहिल्यासारखा होतो. कुणाला शॉक लागत नाही, काही जळत नाही, आणि त्या रात्री मागच्या खोलीत वडील दिसले की पोराला जे वाटेल ते कुठल्या व्हिडिओनं वाटणार नाही.

रिमोट दोन मिनिटांचा आहे. फोनचा कॅमेरा, शक्यतो पुढचा, चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा. कॅमेऱ्यात जांभळट ठिणगी दिसली तर रिमोट बहुधा ठीक, दोष टीव्हीत असावा. नाही दिसली तर सेल काढा, सेल टेकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा बुरा असेल तो पेन्सिलीच्या खोडरबरानं घासा, नवे सेल दोन्ही एकदम घाला. ठरावीक बटणंच लागत नसतील तर रिमोट उघडून रबराच्या खालचे काळे ठिपके कोरड्या फडक्यानं पुसा. एखादा ठिपका झिजलाच असेल तर त्यावर चॉकलेटच्या चांदीचा तेवढाच तुकडा चिकटवतात, आणि ते खरंच चालतं.

आता सासूबाईंचा फोन. यावर सावकाश लिहितो.

त्यांना सांगा, आवाज बहुतेक सुरक्षित आहे. काच आणि बोटाचा स्पर्श ओळखणारा पडदा गेला आहे. फोटो आणि मेसेज ठेवणारा भाग वेगळा असतो, आणि स्क्रीन दिसते आहे म्हणजे फोन जिवंत आहे. फक्त दोन गोष्टी कुणालाही करू देऊ नका. "रिसेट मारून बघतो" असं कुणी म्हणालं तर फोन हातातून काढून घ्या, कारण रिसेट म्हणजे सगळं पुसणं. आणि चुकीचा पॅटर्न पुन्हा पुन्हा टाकू नका.

पहिल्यांदा सिमच्या खाचेत मेमरी कार्ड आहे का बघा. असलं तर फोन बंद करून काढा, कार्ड रीडरमध्ये घालून दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला लावा. पुष्कळदा निम्मे फोटो तिथंच सापडतात. दुसरं, सासूबाईंच्या फोनचं गुगल खातं तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर तुमच्या फोनवर त्याच खात्यानं गुगल फोटोज उघडा. फोनानं न सांगता फोटो आधीच गुगलकडे चढवलेले असू शकतात. तिसरं, सासऱ्यांनी सुरतला पाठवलेले बोलके मेसेज तुमच्या यजमानांच्या फोनमध्येही असतील. आज रात्रीच त्यांना सांगा, काही पुसू नका.

मग खरा उपाय. ओटीजी नावाचा बोटाएवढा जोड मिळतो, चहा-नाश्त्याच्या पैशात. एका बाजूला फोनमध्ये जाणारी पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबीचं भोक. फोनचं पोर्ट कुठल्या आकाराचं आहे ते बघून घ्या: टाईप-सी दोन्ही बाजूंनी सारखं गोलसर, जुनं मायक्रो एका बाजूनं अरुंद. त्या जोडात संगणकाचा साधा माऊस लावा, शाळेतून किंवा ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या सेंटरवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. फोन आधी पूर्ण चार्ज करून घ्या, कारण माऊस लावल्यावर चार्जरला जागा उरत नाही. माऊस लावला की स्क्रीनवर छोटा बाण उमटतो. तो बाण म्हणजे आता बोट. पिन असेल तर आकड्यांवर क्लिक करा, पॅटर्न असेल तर डावं बटण दाबून धरून ओढा.

उघडला की फोटो एकेक बघत बसायचा मोह होईल, तो आवरा. आधी बाहेर काढा, मग सगळे मिळून बघा. फोनमध्ये रिकामं मेमरी कार्ड घालता येत असेल तर आधी घालून ठेवा आणि फाईल्स अ‍ॅपमधून सगळे फोटो त्यावर उचला. नाहीतर ब्लूटूथनं किंवा वाय-फायवरून तुमच्या फोनवर पाठवा. बोललेले मेसेज फोटोंबरोबर येत नाहीत, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरात "मीडिया"च्या आत "व्हॉइस नोट्स" मध्ये, आठवड्याआठवड्याच्या कप्प्यांत असतात. तो फोल्डर अख्खाच्या अख्खा घ्या. सासरे फोनवर बोललेले कॉल रेकॉर्ड होत असतील तर "रेकॉर्डिंग" नावाचा फोल्डरही शोधा. मग एक प्रत पेनड्राइव्हवर घरात आणि दुसरी सुरतला, तुमच्या यजमानांकडे.

बाण नाहीच आला तर? काही कंपन्यांच्या फोनात ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि टच बंद असल्यावर ते चालू करणार कसं, हा अडथळा येतो. तेव्हा अमळनेरला किंवा जळगावला दुरुस्तीवाल्याकडे जा आणि त्याला "डिस्प्ले बदला" म्हणू नका. "तुमच्याकडचा जुना डिस्प्ले तात्पुरता लावा, मला फक्त डेटा काढायचा आहे, समोर बसून काढते" असं म्हणा. असं करून देणारे कारागीर आहेत, आणि ते नव्या डिस्प्लेपेक्षा पुष्कळ कमी घेतात. फोन तिथं सोडून येऊ नका. सिम काढून घ्या, आणि त्यात पैशाचं अ‍ॅप असेल तर बँकेला सांगून आधी बंद करा.

राहिला मुलगा. त्याला हत्यारं घेऊन द्या, ताई. बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट, साधा डिजिटल मल्टिमीटर, मऊ ब्रश, प्लास्टिकचा चिमटा, वायरच्या मानेवर चढवायच्या, गरम केल्यावर आवळणाऱ्या हीट श्रिंक नळ्या. चिकटपट्टी घेऊ नका, आपल्या उन्हात तिचा गोंद वितळतो आणि वायर चिकट होऊन बसते. फेव्हिक्विक घरात असेलच. तुटलेल्या प्लास्टिकच्या फटीत खाण्याचा सोडा भरून वर त्याचे दोन थेंब टाकले की क्षणात दगडासारखं घट्ट होतं, रिमोटच्या झाकणाला किंवा मिक्सरच्या फिरक्या बटणाला झकास. धूर निघतो, तोंड दूर ठेवायचं. स्क्रू हरवू नयेत म्हणून कागदावर वस्तूचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच जागी सेलोटेपनं लावायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आणि त्याच्यासमोर बसून हे ठरवा की काही वस्तू तो उघडणार नाही. चार्जर, टीव्ही, मायक्रोवेव्ह, डास मारायची बॅट. प्लग काढला की वीज गेली असं पोरांना वाटतं, पण यांच्या आत वीज साठवणारा कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही भरलेला राहतो. बॅट खेळण्यासारखी दिसते म्हणून पोरं तीच आधी उघडतात, आणि तिच्या जाळीवर हजाराच्या वर व्होल्ट असतात. शेतातल्या मोटारीचा स्टार्टरही नाही, पाल शिरून जळला असला तरी तो मोटारवाल्याचा. मल्टिमीटर पहिलं वर्षभर फक्त सेल, अडॅप्टरचं टोक आणि वायर तुटली आहे का हे बघायला वापरायचा, बोर्डाच्या भोकात नाही. फोनची पाठ फुगून वर आली असेल तर ती बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज करायची नाही. फोन बंद करून घराबाहेर, कडब्यापासून आणि सरपणापासून लांब, वाळू घातलेल्या घमेल्यात ठेवायचा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यायचा. उकिरड्यावर टाकायचा नाही, तिथं ती बॅटरी पेटते.

तो एखादी गोष्ट बिघडवेल. रागावू नका, फक्त कशानं बिघडली ते वहीत लिहायला लावा.

लाईनमन येऊन गेला की त्यानं खांबावर काय केलं आणि त्यानंतर आठवडाभर मीटरवर काय आकडे आले, ते कळवा. राउटरच्या अडॅप्टरवरच्या लेबलचा फोटो पाठवलात तर कुठली डबी चालेल ते नेमकं सांगतो. आणि सासूबाईंच्या फोनवर बाण उमटला की नाही, ते त्याच दिवशी कळवा. नसेल उमटला तर फोनचं मॉडेल लिहा, पुढचा रस्ता शोधू.